पांढरा दगड

याम्बाइतीच्या धावपट्टीवर वापीच्या वजनकाट्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. माणसं, त्यांच्या विणलेल्या पिशव्या, कॉफीची पोती, डुकराचं पिल्लूसुद्धा आधी काट्यावर जायचं. पट्टी म्हणजे डोंगराचा गवताळ उतार, आणि ती संपते तिथं सरळ दरी. वापीला खडूस म्हणत म्हणत गाव निमूटपणे वजन करून घ्यायचं.

त्या सकाळी त्याची लेक यामो जायची होती. बाळ आडवं आलं होतं आणि दवाखाना डोंगरापलीकडे.

"काका, गवत ओलंय. एक किलोसुद्धा जास्त नको," वैमानिक हाने म्हणाली.

"मला शिकवतेस होय?" वापी म्हणाला.

वजनं झाली, आणि मग निरोपाला नातेवाईक जमले. निरोपाला रिकाम्या हाती येणं म्हणजे इथं नाक कापून घेणं. मावशीनं रताळी सरकवली, आत्यानं ऊस, सासूनं अळकुड्या. वापीनं डोळेझाक केली, कारण धुरी दिलेली डुकराची तंगडी त्यानं स्वतःच सीटखाली ढकलली होती. लेकीला परक्या गावात कुणापुढं हात पसरावा लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

विमान उतारावर सुटलं. पट्टीच्या मध्यावर पांढरा दगड होता. तिथवर चाकं उचलली नाहीत तर थांबायचं, हा हानेचा नियम. दगड आला, चाकं गवतातच. दुसरा कुणी 'अजून थोडं' म्हणाला असता. हानेनं तत्क्षणी इंजिन बंद केलं आणि घसरतं विमान शेजारच्या रताळ्यांच्या वाफ्यात घातलं. कुंपणावर पंखाचं टोक मोडलं. दरी वीस पावलांवर होती. काय बाई होती ती!

वापी धापा टाकत पोचला, तेव्हा यामो शुद्धीवर होती आणि हाने शांतपणे रेडिओवरून दुसरं विमान मागवत होती. मग तिनं सीटखालून तंगडी ओढली.

"हे कुणाचं?"

वापी गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं.

"माझं," तो म्हणाला. "बाकीच्यांचंही मी पाहिलं होतं. काटा दुसऱ्या कुणाकडं दे, पोरी."

"तुमच्याकडंच राहू दे. आजपासून तुमच्याइतका कडक माणूस या डोंगरात सापडायचा नाही."

दुपारी दुसरं विमान आलं. वापीनं काटा थेट त्याच्या दारात मांडला आणि मावशीची रताळी परत केली.

"बाबा, तुम्हीही काही देणार नाही?" यामोनं क्षीण आवाजात विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि गावादेखत आपले रिकामे हात त्यानं तिच्या गालांवर ठेवले.

पांढऱ्या दगडाच्या दहा पावलं अलीकडेच चाकांनी जमीन सोडली.