वाहून आणलेलं बार्न

मित्रांनो, मी एक फार जुना शब्द आहे. नाव बार्न, अर्थ मूल. आईने पोटात वाहून आणलेलं ते बार्न. तुमचा 'भार' माझा दूरचा भाऊबंद लागतो. जर्मन मुलाला 'किंड' म्हणतात, त्याचं नातं तुमच्या 'जन्मा'शी आहे, आणि इंग्रजांचा 'चाइल्ड' म्हणे गर्भाशयाच्या घराण्यातला. त्याने मला हुसकावत पार उत्तरेला, स्कॉटलंडात लोटलं. नॉर्वेत मात्र माझं बस्तान पक्कं आहे. तिथलीच जुनी गोष्ट सांगतो.

स्टेइनार शेतकऱ्याने मुलगा होणार म्हणून वाडीभर फुशारकी मारली, आणि झाली मुलगी. तेव्हाची रीत अशी, की बाळाला जमिनीवर ठेवायचं. बापाने उचलून, पाणी शिंपडून नाव ठेवलं तरच ते घरचं. नाही उचललं तर रानात नेऊन टाकायचे. मुलगी चुलीजवळ जमिनीवर होती, आणि स्टेइनार बाकावरून हलेना.

"कंबर धरलीय माझी. वाकवत नाही."

"सकाळी वासरू खांद्यावर घेऊन फिरत होतास, तेव्हा कुठे गेली होती कंबर?" सुईण ग्रोआने विचारलं.

"वासराचं वेगळं, ग्रोआमावशी. ते... ते काय ते, राहू दे थोडा वेळ तिथंच."

'ते काय ते' म्हणे. मला भयंकर राग आला. माझं नाव घेतलं की नातं गळ्यात पडतं, म्हणून माणसं मला अशी टाळतात. त्याची बायको योर्दिस भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"याला बार्न म्हणतात," ग्रोआ म्हणाली. "हिने नऊ महिने वाहिलं, तुझं रांधून-वाढून. तुला चुलीपासून बाकापर्यंत वाहायचंय. जमत नसेल तर शेजारच्या उल्फला बोलावते."

"उल्फला? तो कोकरूसुद्धा उलटं धरतो." स्टेइनार तरातरा उठला. "असं धरायचं असतं, मानेखाली हात देऊन."

हे दाखवण्याच्या भरात तो कधी वाकला आणि मुलगी कधी हातात आली, त्याचं त्यालाच कळलं नाही. ग्रोआने पाण्याचा वाडगा पुढे केला. मुलगी शिंकली.

"अगं, गार काय आणतेस? कोमट करून आण," तो खेकसला. "माझ्या बार्नला थंडी वाजतेय."

त्या तोंडातून मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडलो. इतकी वर्षं झाली, पण तसा आनंद मला पुन्हा झाला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. शब्द येतात आणि जातात. पण समोर मूल असलं, तर आधी उचलून घ्या. त्याला काय म्हणायचं, ते मग आपोआप तोंडात येतं.