बंगईचे माप

मित्रांनो, सेवाग्राम रस्त्यावरच्या एका इमारतीत, जिन्याखाली, सायकलींच्या आड एक सागवानी फळी भिंतीला टेकून उभी आहे. ती मी. तुम्ही झोपाळा म्हणत असाल. आमच्या वर्ध्याकडे मला बंगई म्हणतात.

आंजी गावच्या लहानू मिस्त्रींनी मला घडवले. केशवगुरुजींच्या बैठकीत मला टांगले, तेव्हा गुरुजी ऐन तिशीत होते. माझ्यावर बसून त्यांनी वह्या तपासल्या, मुलाला, अभिरामला, पाढे शिकवले. पाहुणे माझ्या गुळगुळीत कडांवरून हात फिरवून मिस्त्रींचे नाव विचारत.

पुढे गुरुजींची स्मृती विझत गेली. आधी गावांची नावे गेली, मग माणसांची. दुपार झाली की ते कावरेबावरे होऊन घरभर फिरत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई त्यांना माझ्यावर निजवून हलके झोके देत. औषधाने न लागणारा डोळा तेवढ्याने लागे.

एके सकाळी अभिराम पुण्याहून आला.

"आई, या पाच खोल्या तुले आता झेपत नाई. घर विकू, दवाखान्याजवळ लहान फ्लॅट घेऊ. नफा मुदतीच्या आत नव्या घरात घातला, तर त्यावर कर नाई. सरकार सवलत देऊन राह्यलं, मंग आपण काऊन सोडायची?"

"सवलतीचं तू पाह्य. बंगई मावते का, तेवढं सांग मले. तुह्या बाबाले तिच्याबिगर झोप नाई."

"मी स्वतः मोजतो न!"

त्याने खरेच मोजले. माझी लांबी, रुंदी, कड्यांची उंची कागदावर उतरवली, फ्लॅटची खोली मोजून आला आणि म्हणाला, "आरामात मावते." जेवून तो लगेच परतला. घर यशोदाबाईंच्या नावावर होते. त्यांनी सही केली. घेणाऱ्याने महिन्याभरात ते पाडले.

नव्या छताला मला टांगले. गुरुजींना निजवून यशोदाबाईंनी पहिला झोका दिला आणि मी भिंतीवर आदळले. गुरुजींची बोटे मध्ये सापडली. ते लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, अभिरामने मोजले तेव्हा मी स्थिर होते. झोक्याला लागणारी जागा त्याने मोजलीच नव्हती.

पुढच्या खेपेला अभिराम म्हणाला, "आई, माह्या ध्यानातच नाई आलं व."

"तुह्या मनात खोट नव्हती रे. पण आता मांगं जायले घर कुठं हाय?"

मला जिन्याखाली ठेवले. समोरच त्यांचे दार. रोज दुपारी गुरुजी चपला घालून बाहेर येतात आणि बायकोला हात जोडतात, "बाई, लई वेळ बसलो तुमच्या घरी. आता मले माह्या घरी पोचवून द्या."

"चला," यशोदाबाई म्हणतात. हात धरून त्यांना इमारतीभोवती फिरवून आणतात. "आलं पाहा तुमचं घर."

गुरुजी दाराकडे बघतात. "नाई बाई, हे नाई."

मित्रांनो, लहान घर वाईट नसते, सवलतही वाईट नसते. पण थकलेल्या माणसांचे घर हलवण्याआधी एक दुपार त्यांच्याजवळ बसा. अभिराम तेवढा थांबला असता, तर मी किती जागा घेते, हे त्याला फीत न लावताच दिसले असते.