रिकाम्या झोळीचे वजन

लिंबाची आडवी फांदी.

कवड्या, आरसे, लाल दोरा.

वर्गातले हसू.

शून्य.

मित्रांनो, मी एक जुना टांगायचा वजनकाटा आहे. वर अडकवायला लोखंडी आकडा, खाली तसाच दुसरा आकडा, मध्ये गोल तबकडी आणि काळी सुई. कारखान्यातून मी थेट विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात आलो. दारव्ह्याकडच्या गावांत तान्ही मुले कशी वाढतात, याचा तिथे अभ्यास चालला होता. माझ्या खालच्या आकड्याला झोळी लावत, झोळीत बाळ. किती बाळे माझ्याखाली रडली, मुतली. "काटा खोटे बोलत नाही," असे विभागातले सर वर्गात सांगत. मला ते आवडे.

झोळी बदलली की आधी ती रिकामी टांगायची, स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची, मगच बाळ ठेवायचे. एवढाच माझा नियम.

एके दिवशी बंजारा तांड्यावर मी लिंबाच्या फांदीला टांगलेला होतो, तेव्हा भुरीबाई आपली तान्ही नात घेऊन आली. मागे तिची लेक बबिता. वजन घेणारी सुरभी तेव्हा विद्यार्थिनी होती.

"तुमच्या झोळीत साऱ्या गावाचे लेकरं बसून गेले," भुरीबाई म्हणाली. "माही नात तिच्यात कायले बसन? हे आमची घे."

"याडी, राहू दे न," बबिता आईला म्हणाली.

"तू चूप. अन् मॅडम, आधी तुलेच टांगून पाहा लागते. काडीवानी दिसून राह्यली."

सुरभी हसली. हसता हसताच तिने ती कवड्या-आरशांची जड झोळी मला लावली आणि बाळ आत ठेवले. स्क्रूला हात लावायचा राहिला. बाळ, कापड, कवड्या, माझ्या सुईने सगळे एकत्र सांगितले. बाळ वजनाच्या तक्त्यावरच्या धोक्याच्या रेषेच्या वर आले. रेषेखालच्या बाळांना दवाखान्यात नेले. हे घरी गेले.

पुढच्या फेरीला भुरीबाई झोळी घेऊन आली. बाळ नव्हते.

"काट्यानं तं बरी हाय म्हणून सांगतलं होतं न, बाई. हे ठेव. घरात पाहवत नाही."

आता डिजिटल काटे आले आहेत. मी कपाटात असतो, आकडा गंजला आहे. दरवर्षी नवे विद्यार्थी आले की सुरभी मॅडम मला वर्गात टांगतात आणि ती झोळी लावतात.

"मॅडम, आत काहीच नाही," मुले हसतात.

"सुई बघा."

सुई शून्यापासून पुढे गेलेली असते. मग कोणी हसत नाही.

मित्रांनो, मला तेल नका देऊ, कपाटातच राहू द्या. पण कुणाचेही लेकरू तोलण्याआधी रिकामी झोळी तोला.

ती नात पोटात असताना, बबिताला सातवा महिना लागला तेव्हा भुरीबाई ती झोळी शिवायला बसली होती.