मोकळा सोडलेला गडी

"काका, या महिन्यात सतरा टक्के." गंधालीने लॅपटॉप पेडणेकरांच्या दिशेने फिरवला. "शंभर नोंदींमागे सतरा चुका. मागच्या महिन्यात चौदा होत्या."

श्यामसुंदर पेडणेकरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, लाल रंगातल्या सगळ्या ओळी वाचल्या आणि शांतपणे म्हणाले, "यातली एकही माझी नाही."

"मग कुणाची?"

"तपासणाऱ्याची."

गंधाली त्यांची टीम लीडर. वय एकोणतीस. पेडणेकर सत्तावन्न. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ओरडायचं कसं, याचं ट्रेनिंग तिला कंपनीने दिलं नव्हतं. ती नुसतीच कपाळ चोळत बसली.

नाहूरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर ही कंपनी होती. खाली मसाल्याचं कांडप. वर चाळीस माणसं कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या कॉलेजांचे फुटबॉलचे सामने बघायची आणि मिरची कुटायला घेतली की एकदम शिंकायची. हा फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि हाताने जास्त खेळायचा. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. खेळ तुकड्या-तुकड्यांनी चालतो. एक डाव पाच-सहा सेकंदांचा. प्रत्येक डाव बघून त्यापुढे नोंद करायची: चेंडू घेऊन पळाले तर रन, लांब फेकला तर पास. शनिवारचे सामने सोमवारी सकाळी यायचे आणि शुक्रवारपर्यंत संपवायचे.

पेडणेकर या कामावर आले तीन वर्षांपूर्वी. त्याआधी भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात ते पॅकिंग सुपरवायझर होते. कारखाना बंद पडला. भाच्याने इथे चिकटवलं. इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, "स्पोर्ट्सचा अनुभव?" पेडणेकरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जिल्हा कबड्डी स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. उजवा कोपरारक्षक. सगळ्यांनी ते आदराने बघितलं आणि त्यांना अमेरिकन फुटबॉलला बसवलं.

पहिले दोन महिने त्यांना काही म्हणता काही कळलं नाही. मग एका सोमवारी तपकिरी जर्सीतला एक संघ त्यांच्या वाट्याला आला. मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेलं कुठलंसं छोटं कॉलेज. मागे प्रेक्षक शंभर-सव्वाशे, त्यातले निम्मे खेळाडूंचे आईबाप असावेत. त्यांचा कोच पोटाने गोल, टोपी मागे सरकवलेला. पेडणेकर त्याला मनातल्या मनात अण्णा म्हणू लागले. आणि चेंडू ज्याच्या हातात आधी येतो तो सात नंबरचा बारीक मुलगा. त्याला ते कारभारी म्हणत. हा संघ चेंडू फेकतच नसे. तो एकच गोष्ट करायचा, ऑप्शन. ती बघून पेडणेकर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. तेव्हापासून अशा डावापुढे ते रन न लिहिता ऑप्शन लिहीत.

"हे बघ," आता त्यांनी गंधालीच्या टेबलावर स्टेपलर, डबा आणि मोबाइल मांडले. "हा समोरचा गडी. याला मुद्दाम मोकळा सोडायचा. कोणी अडवायचं नाही. आपला कारभारी चेंडू घेऊन सरळ त्याच्या अंगावर जातो. गडी कारभाऱ्यावर आला, की चेंडू बाजूने पळणाऱ्या साथीदाराकडे टाकायचा. गडी साथीदाराकडे वळला, की चेंडू स्वतःकडे ठेवून पळायचं. त्याने काहीही केलं तरी तो चुकतो."

"पण काका, शेवटी तो पळालाच ना? मग रनच झालं."

"पळाला. पण विचारून पळाला."

गंधालीने डोळे मिटले. "हे वाक्य मी रिपोर्टमध्ये टाकू शकत नाही. गुरुवारी अंधेरीच्या हेड ऑफिसातून राजेश सर येतायत. तेच तुमच्या नोंदी तपासतात. तिसऱ्यांदा चुका आल्या तर तुम्हाला दुसऱ्या प्रोजेक्टला टाकणार."

"कुठल्या?"

"सुपरमार्केटचे व्हिडिओ. ट्रॉल्या मोजायच्या."

पेडणेकर घरी आले. जेवताना बायकोने, सुलक्षणाबाईंनी, काय झालं विचारलं, तर त्यांनी वाटी आणि दोन लिंबं घेऊन त्यांनाही ऑप्शन समजावला.

"ह्या असला अजून कोण खेळता?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"फार कोणी नाही. मोठ्या कॉलेजांनी सोडून दिला."

"मगे तुमी कित्याक धरून बसलासात?"

पेडणेकरांनी लिंबं उचलून वाटीत ठेवली. कारखाना हलवायच्या वेळी मॅनेजमेंटने सांगितलं होतं, उत्तरेकडच्या नव्या कारखान्यात जा किंवा इथेच थांबा, निवड तुमची. पेडणेकर थांबले, इथला कारखाना बंद झाला. जे गेले त्यांचा तिकडचा कारखाना दोन वर्षांत बंद झाला आणि ते गाशा गुंडाळून परत आले. पेडणेकरांचं काम गेलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं, अरे, तू विचार करायला हवा होतास. पेडणेकरांनी केला होता. खूप केला होता. हे सगळं वाटी आणि लिंबांतून सांगता येण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "बरा वाटतो बघायला."

गुरुवारी सकाळी ते ऑफिसला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक असोला, सालीसकटचा नारळ होता. त्या लांबट चेंडूला आकाराने आणि वजनाने जवळचं असं घरात दुसरं काही नव्हतं.

राजेश सर तिशीचे, घाईचे. त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "काका, रागावू नका, पण ऑप्शन वगैरे आता म्युझियममध्ये. आजचा डिफेन्स इतका फास्ट आहे ना, की तो चालतच नाही. सगळा पासिंग गेम झालाय."

"खाली पार्किंगमध्ये दहा मिनिटं याल?" पेडणेकरांनी विचारलं.

खाली सिक्युरिटीचा भीमराज रजिस्टर घेऊन बसला होता. पेडणेकरांनी त्याला उठवून पार्किंगच्या मधोमध उभं केलं. "भीमराज, मी आणि गंधाली मॅडम हा नारळ घेऊन येणार. त्या टेम्पोपर्यंत नारळ जाऊ द्यायचा नाही. बाकी तुला वाटेल ते कर."

"चोरी पकडायची म्हणजे," भीमराज म्हणाला आणि त्याने टोपी नीट केली.

पहिल्या वेळी भीमराज सरळ पेडणेकरांच्या अंगावर धावला. त्यांनी अलगद नारळ गंधालीकडे टाकला, ती टेम्पोला हात लावून आली. दुसऱ्या वेळी भीमराज गंधालीवर धावला, तर पेडणेकर नारळ काखेत घेऊन दुखऱ्या गुडघ्यासकट त्याच्या शेजारून निघून गेले. मसाल्याच्या कांडपातल्या बायका हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी भीमराज जागचा हललाच नाही.

"साहेब, मी आता कुठेच जात नाय. काय करायचं ते करा."

"हाच!" पेडणेकर आनंदाने ओरडले. "हाच त्याच्यावरचा उतारा! राजेशसाहेब, याला कोणी शिकवलं नाही, बघा. गडी थबकला की कारभारी अडकतो, तोवर बाकीचे येऊन धरतात. म्हणजे नेहमी चालतो असं मी म्हणतच नाही. पण हे रन नाही आणि पासही नाही."

राजेश सरांनी लॅपटॉपची बॅग गंधालीच्या हातात दिली. "व्हा बाजूला भीमराज. मी उभा राहतो."

ते खरंच चांगले उभे राहिले. गुडघे वाकवून, अर्धे पेडणेकरांकडे, अर्धे गंधालीकडे. पेडणेकर एक पाऊल पुढे आले. राजेश सर हलले नाहीत. पेडणेकर थांबले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. दारातली एक बाई म्हणाली, "काय चाललंय ह्यांचं? फोटो काढतायत का?" पेडणेकरांनी नजर न हलवता डावा खांदा जरासा टाकला, कोपरारक्षक असताना चढाई करणाऱ्याला फसवायला टाकायचे तसा. राजेश सर झेपावले. नारळ हवेतून गंधालीकडे गेला. गंधालीच्या दोन्ही हातांत बॅग होती. नारळ तिच्या मनगटाला लागून राजेश सरांच्या गाडीच्या बॉनेटवर आपटला, तिथे वाटीएवढा खड्डा पाडून घरंगळत कांडपात गेला.

राजेश सर गाडीकडे धावले.

"मॅचमध्ये याला फंबल म्हणतात," पेडणेकर म्हणाले. "त्याची नोंद वेगळी असते."

राजेश सर खड्ड्यावरून बोट फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "मी नक्की कुठे चुकलो, काका?"

"तुम्ही नाही चुकलात. तुम्हाला तसंच उभं केलं होतं."

त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये पेडणेकरांच्या चुका दोन टक्क्यांवर आल्या. सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांना दुसरा माणूस मिळाला. एवढंच नाही, तर अमेरिकेत कुठेही कुणी ऑप्शन खेळला की तो सामना अंधेरीहून थेट नाहूरला येऊ लागला. घरी मात्र सुलक्षणाबाई आठवडाभर विचारत होत्या, "माझो नारळ खंय गेलो? देवाक ठेवललो मां तो!"

फेब्रुवारीत गंधालीने त्यांना हाक मारली. तिच्या स्क्रीनवर त्या कॉलेजच्या वेबसाइटचं पान होतं. तपकिरी संघाने कोच बदलला होता. नवा कोच तरुण, दात पांढरेशुभ्र, हातात टॅब्लेट. खाली लिहिलं होतं, आता आधुनिक खेळ.

"दहापैकी सात जिंकले होते यांनी," पेडणेकर म्हणाले.

"हो, काका."

"मग?"

गंधालीने स्वतःच्या मेलवरून अण्णांना, म्हणजे जुन्या कोचला, पत्र पाठवायचं कबूल केलं. ऑफिसच्या मेलवरून पाठवलं असतं तर दोघांनाही घरी बसावं लागलं असतं. पेडणेकरांनी मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत टाइप केलं. माननीय महोदय, मी मुंबईत राहतो, तुमचे एकतीस सामने बघितले, मी पूर्वी कबड्डी खेळायचो, तुमचा सात नंबर फार गुणी आहे. शेवटी एकच प्रश्न: हा खेळ आजच्या काळात खरंच चालत नाही का?

नऊ दिवसांनी अण्णांचं उत्तर आलं. गंधाली वाचून दाखवत होती.

"चालतो. अजून चालतो. पण मी मुलांच्या घरी जाऊन सांगतो, आमच्या कॉलेजात या, तेव्हा ती विचारतात, चेंडू फेकायचा कधी? टीव्हीवर तेच दिसतं ना. शिकायलाच कोणी येत नाही म्हणून थांबलो. माझ्या बायकोने तुमचं पत्र दोनदा वाचलं. ती विचारते, कबड्डी म्हणजे काय?"

पेडणेकरांनी कबड्डीवर उत्तर लिहिलं. ते इतकं लांबलं की गंधालीचा जेवणाचा डबा गार झाला. मातीवरची कबड्डी मॅटवर गेली तेव्हा आपण तेहतीस वर्षांचे होतो, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग म्हणाले, "ते खोड. त्यांना कशाला?"

सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सोमवारी तपकिरी संघाचा सामना आला. पेडणेकरांनी हेडफोन लावले. पास. पास. पास. चेंडू फेकणारा नवीन होता, उंच आणि देखणा. सात नंबर बाहेर बाकावर. पास, पास, मध्ये एक रन. नोंदी पटापट होत होत्या, चूक व्हायला जागाच नव्हती. खालून मिरचीचा वास आला, सगळा मजला शिंकला.

शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा तपकिरी संघ एकतीस गुणांनी मागे होता. उंच मुलगा लंगडत बाहेर गेला. सात नंबर आत आला. कोचने बाहेरून हातवारे केले, लांब फेक. मुलाने मान डोलावली. चेंडू हातात आला. तो फेकायला मागे गेला नाही. आडवा निघाला, सरळ समोरच्या मोकळ्या गड्याच्या अंगावर. गडी गोंधळला; असं काही त्याने कधी बघितलंच नसावं. तो झेपावला आणि चेंडू अलगद साथीदाराच्या हातात गेला. अकरा यार्ड.

नव्या कोचने मुलाला बाहेर बोलावून घेतलं. तो बराच वेळ टॅब्लेटवर बोट आपटत त्याला काहीतरी समजावत होता. मुलगा मान हलवत होता. मग तो बाकाच्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

पेडणेकरांनी नोंद केली: ऑप्शन, अकरा यार्ड.

"काका, जेवायला चला," मागून गंधाली म्हणाली. "संपली ना मॅच?"

"दोन मिनिटं आहेत अजून. तू हो पुढे."

त्या दोन मिनिटांत बघण्यासारखं काही नव्हतं. जिंकणारा संघ नुसता वेळ काढत होता. चेंडू घ्यायचा, जमिनीला गुडघा टेकायचा, घड्याळ चालू द्यायचं. पेडणेकरांनी त्याची नोंद केली. त्या संघाने पुन्हा गुडघा टेकला. पेडणेकरांनी पुन्हा नोंद केली.