कागदावरची तीट

चित्रावरची तीट पुसून निघाली, विषय संपला. पण ती निघाली तरी गेलेली नाही असं धरून सगळं सांगतो. आत्याही तसंच धरून चालते.

माझी आत्या नीलव्वा गदगच्या एका शाळेत दोनशे चाळीस पोरांचा भात शिजवते. ती तीन वर्षांची होती तेव्हा आमच्या माडीवर चित्रकलेचा एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा. त्यानं कोळशानं तिचं चित्र काढलं. पुढे तो फार मोठा चित्रकार झाला आणि वारला. चित्र पुरं झालं त्या दिवशी आजीनं बोटावर काजळ घेतलं आणि कागदावरच्या गालाला तीट लावली.

"अहो अव्वा, माझं पहिलं चित्र आहे ते," तो रडकुंडीला आला.

"माझ्या लेकराला रोज लावते. कागदावरच्या लेकरानं काय पाप केलंय?"

असलं काही त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. चित्र तो आजीलाच देऊन गेला. आजीचा फोटो कुणी काढला नाही. तिचं म्हणून घरात उरलं ते तेवढं एक बोट. तिटेत तिच्या बोटाच्या रेषासुद्धा दिसायच्या.

यंदा धारवाडच्या एका संग्रहालयानं त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत मांडायला ते दोन महिन्यांसाठी मागून नेलं. उद्घाटनाला आत्या इरकल नेसून गेली, मी पिशवी धरून. चित्र काचेत होतं. गाल स्वच्छ.

"अम्मा, डाग पडला होता," चित्रं साफ करणाऱ्या तिथल्या बाई कौतुकानं म्हणाल्या. "तीन दिवस बसून काढला."

"फार कष्ट घेतलेत," आत्या म्हणाली. "कशानं काढलात?"

"कापसानं. हळूहळू."

आत्यानं पिशवीतून काजळाची डबी काढली आणि काचेवर, बरोबर गालाच्या जागी, बोट टेकवलं. रखवालदारानं पुसलं. तिनं पुन्हा लावलं. त्यानं पुन्हा पुसलं.

"अज्जी, ड्युटी आहे माझी."

"माझीपण."

चौथ्या खेपेला त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तो पाणी प्यायला निघून गेला. आत्या दोन पावलं मागं सरली, मान तिरकी करून बघत राहिली.

"जागा बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बोट माझं आहे रे, अव्वाचं नव्हे."

घरी येताच तिनं मला कागद घेऊन बसवलं.

"आत्या, हसतील ते."

"हसू देत. अक्षर चांगलं काढ."

मा. संचालक यांस, विनंती अर्ज. चित्र सवडीनं परत केलं तरी चालेल. मात्र सदर गाल पुसताना वापरलेला तिन्ही दिवसांचा कापूस, सापडेल तेवढा, न धुता, अर्जदारास परत मिळावा. अर्जदार झाकणाचा डबा घेऊन स्वतः हजर राहील.