ऑपरेशननंतरचं भूत

"रगात आलं! लिंबातनं रगात आलं!"

कुंडलमध्ये हंबीररावाच्या अंगणात जमलेली शंभर-दीडशे माणसं एकदम ओरडली. कोंडीबा देवरुष्याने कापलेलं लिंबू उंच धरलं. त्यातून लालभडक थेंब टपकत होते.

"दवाखान्यात मेलेली बाई हाय ही! टेबलावरच हिच्या अंगात शिरली. आज तिसरा दिस, आजून दोन दिसांत भाईर काढतो. तवर अन्न न्हाई, पानी न्हाई, चष्मा न्हाई. भूत चष्म्यातनं बगतंय!"

सोप्याच्या खांबाला हंबीररावाची आई बांधलेली होती. सत्तरीच्या मनुबाई. ओठ फुटलेले, पोटाच्या टाक्यांवर अंगारा थापलेला, अंग तापाने फणफणलेलं.

ही १९७६ची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत डॉक्टर होतो. बारा दिवसांपूर्वी मनुबाईंचं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन मीच केलं होतं. टाके काढायला कुणी आलं नाही, म्हणून नर्स अंजनाला घेऊन गावात आलो, तर हे दृश्य.

"हंबीरराव, आईला बांधता?"

"आवं डाक्टर, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिसापासनं आय मला वळखत न्हाई. मेलेल्या बापाशी बोलतीया. तुमीच म्हनला, वय झालंय, घरी न्या. मग मी कुनाकडं जायाचं हुतं?"

फौजेतून आलेला तो गडी रडत होता. मी खरंच तसं म्हणालो होतो.

अंजनाने कात्रीने दोरी कापली.

"हात लावू नगंस, रगात वकशील!" कोंडीबा गरजला.

"वकते," ती म्हणाली. तिने त्याच्याच टोपलीतलं लिंबू आपल्या पात्याने कापलं. साधा रस. दुसरं त्याच्या सुरीने कापलं. लाल! मग ओल्या कापसाने तिने सुरी खसाखसा पुसली. कापूस जांभळा झाला.

"जास्वंदीचा रस चोळून वाळवलाय पात्याला. लिंबाचा आंबट रस लागला की लाल होतो. कोंडीबा, आता कापा."

कोंडीबा मागे सरकला. हंबीररावाच्या बायकोने, विजयमालाने, अंजनाच्या हातातली ती सुरी घेऊन लिंबू कापलं. साधाच रस गळला.

"आन ह्यापायी माज्या सासूला तीन दिस पान्यावाचून मारलास रं, मुडद्या!"

आम्ही मनुबाईंना सांगलीला नेलं. अंजना वर्षभर एक वही लिहीत होती. ऑपरेशन झालेला प्रत्येक म्हातारा माणूस, तो भरकटला की नाही, का भरकटला. ज्यांना चष्मा लगेच परत मिळाला, पाणी पोटात गेलं, शांत झोप लाभली, घरचं माणूस उशाशी बसलं आणि झोपेची इंजेक्शनं कमी दिली, त्यांच्यातले फार थोडे भरकटले होते. त्या वहीला मी हसलो होतो. आता तिच्याप्रमाणेच सगळं केलं, जखम धुऊन तापावर औषध दिलं. पाचव्या दिवशी मनुबाई म्हणाल्या, "हंबीर, म्हशीला पानी दावलंस का रं?"

पण सगळं परत आलं नाही. नातवंडांची नावं त्या शेवटपर्यंत चुकत राहिल्या. ते तीन दिवस कोंडीबाने खाल्ले, आणि त्याआधीचे नऊ माझ्या बेफिकिरीने.

म्हणून चिडून सांगतो. ऑपरेशननंतर म्हातारं माणूस बरळायला लागलं, तर तो मेंदूचा आजार आहे, भूत नव्हे. त्याला पाणी द्या, चष्मा द्या, जवळ बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. डॉक्टर "वय झालंय" म्हणाला, तर दारातून हलू नका. त्याला कारण विचारा.