न सांगितलेली खोड

बेलापूरच्या पीरमहंमदाची मोटार ही एकेकाळी त्या गावाची शोभा होती, हे कबूल केले पाहिजे. कालव्यावरचे एक गोरे इंजिनियरसाहेब विलायतेस परत निघाले, त्या समयी त्यांनी ती आपल्या ड्रायव्हरास, म्हणजे पीरमहंमदासच, देऊन टाकली होती. आणि तेव्हापासून हा मालक झालेला ड्रायव्हर स्टेशनापासून आसपासच्या गावी उतारू पोहोचवून आपला संसार चालवीत आला होता. मोटार मोठी, गादी रुंद, स्प्रिंगा अशा लवचीक की, आत बसलेल्यास रस्त्याचा खड्डा दिसे, परंतु लागत नसे. तथापि थोरामोठ्यांच्या घरचे जनावर गरिबाच्या दावणीला परवडत नाही, तीच गत येथेही होती. साहेबाच्या दौलतीला शोभणारी भूक ती आपल्याबरोबर घेऊन आली होती. लढाई पेटली, पेट्रोलला कुपने लागली, आणि ती भूक चव्हाट्यावर आली. महिन्याच्या कुपनावर इतरांच्या मोटारी काटकसरीने का होईना, महिना काढीत. पीरमहंमदाची मोटार आठवड्याच्या आत लिंबाखाली येऊन उभी राही आणि कोंबड्या तिच्या पायरीवर चढून बसत.

हिची वासलात कशी लावावी, ह्या विचाराने त्याला ग्रासले. त्याची बायको सकीना हिचे म्हणणे सरळ होते. नगरचा भंगारवाला बोलवावा, त्याने घण घालावा, लोखंड लोखंडाच्या भावाने जावे आणि अंगण मोकळे व्हावे. परंतु ज्या मोटारीची काच आपण सदऱ्याच्या बाहीने पुसली, तिच्यावर घण पडताना पाहणे पीरमहंमदाच्या जिवावर येई. काही लोक मोटारीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसवून तिच्या धुरावर गाडी चालवीत. तेही त्याने मनात आणून पाहिले. पण भट्टी बसवणाऱ्या मिस्त्रीने मोटारीचे वय पाहून मान हलवली. मग राहिला एकच मार्ग, तो म्हणजे धडधाकट म्हणून कोणास तरी विकणे. आणि येथेच अडचण होती.

ती अडचण पैशाची नव्हती, वाडवडिलांची होती. पीरमहंमदाचा बाप दाऊद हा बैलबाजारातला दलाल. राहुरीपासून पुणतांब्यापर्यंत त्याच्या शब्दावर जोड्या बदलत. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरण्यापूर्वी जनावराची खोड सांगायची, हा त्याचा नेम होता. बैल मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका, रात्री दावे चावत असेल तर तेही; आणि खोड सांगितल्यावरच तो उपरण्याखाली हात घाली. ज्याने खोड लपवून विकली, त्याचे जनावर भर बाजारातून परत येई आणि त्याच्या उपरण्याखाली पुन्हा कोणी हात घालीत नसे. ही रीत पीरमहंमदाने लहानपणापासून पाहिली होती. म्हणून तो स्वतःला समजावू लागला की, मोटार हे काही जनावर नव्हे. तिला शिंग नाही, शेपूट नाही, आणि बाजाराची रीत लोखंडाला लागू पडत नाही. मनुष्याला जेव्हा वाईट करायचे असते तेव्हा त्याची बुद्धी किती तीक्ष्ण होते, हे नवल आहे.

अशातच देवळाली प्रवऱ्याचा सहादेव पाटील आला. लढाईत गुळाला भाव आला होता आणि उसाच्या धन्याच्या हातात पैसा खेळत होता. दाऊदने ह्या सहादेवाच्या बापाला तीन पिढ्या टिकेल असे खिलार बैलांचे बी दिले होते, असे देवळालीत अजून बोलत. सहादेवाने मोटारीभोवती चक्कर मारली, बैलाचे वशिंड दाबावे तसे टायर दाबून पाहिले, दिव्यांत डोकावला, आणि उपरणे झटकीत म्हणाला,

"खोड सांग, पीरभाई."

पीरमहंमदाने सदऱ्याच्या बाहीने काच पुसायला घेतली. जीभही चालू लागली.

"म्हातारी हाय, पाटील. थंडीत हांडल मारून मारून हात दुखत्यात. टप गळतो. डाव्या दाराला सुतळी बांधावी लागती."

हे सर्व खरे होते, आणि एवढे खरे एका दमात सांगितल्यावर पाटलाचा चेहरा खुलला. दलालाच्या पोराने बापाची रीत राखली, असे त्याला वाटले असावे. तरी त्याने जाता जाता विचारले,

"कुपनाच्या पेट्रोलात नगर गाठती का?"

"गाठती की," पीरमहंमद म्हणाला.

वस्तुतः देवळालीहून निघालेली ती मोटार महिन्याच्या कुपनावर नगरच्या अलीकडचा विळदचा घाटही चढली नसती. लहान तीन खोडींच्या आडोशाला त्याने मोठी खोड बसवली होती. सहादेवाने उपरणे दोघांच्या हातांवर टाकले, बोटांनी बोटे धरली आणि व्यवहार झाला. पाटलाची बोटे उसाच्या पाचटाने चिरलेली होती. त्यांचा खरखरीत स्पर्श पीरमहंमदाच्या तळहातावर पुढे कितीतरी वेळ राहिला.

सहादेवाला मोटार हाकता येत नव्हती. सबब ती देवळालीपर्यंत पोहोचवणे पीरमहंमदाकडेच आले. दुपारच्या वेळी पाटलाच्या दारात मोटार थांबली, तोच पाटलीणबाई गोजरबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने चारी चाकांवर पाणी घातले, बॉनेटवर हळदकुंकू वाहिले, आणि नव्या बैलाला द्यावा तसा भाकरतुकडा मोटारीवरून ओवाळून टाकला. नंतर पीरमहंमदासाठी ओट्यावर घोंगडी अंथरली आणि पान वाढले. पुरणाची पोळी केली होती. ती पोळी पाहून त्याला पहिल्यांदा पळून जावेसे वाटले.

त्याने पहिला घास तोंडात घेतला असेल-नसेल, तेव्हा आतल्या दारातून एक पोरसवदा बाई पुढे आली. चालताना तिने एक हात कमरेवर ठेवला होता. ही सहादेवाची धाकटी लेक विजयमाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने ओट्याच्या कडेला उभे राहून मोटारीकडे बराच वेळ पाहिले आणि गादीला हात लावून पाहू का, असे हळूच विचारले. बाप हसला. मग तिच्या पाठीमागे नजर लावून त्याने सांगायला सुरुवात केली.

थोरली छबूबाई अशीच माहेरी आली होती. सुईणीने हात टेकले, तेव्हा तिला बैलगाडीत घालून स्टेशनावर नेले. गाडीच्या दणक्यांनी ती अर्धी झाली होती. पुढे लष्कराच्या गाड्यांना वाट देण्यासाठी उतारूंची आगगाडी कोठेतरी अडवून ठेवली होती, ती आलीच नाही. आणि छबूबाई फलाटावरच दगावली. नगरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली असती तर वाचली असती, असे डॉक्टर मागाहून म्हणाले.

"म्हून ही मोटार," सहादेव म्हणाला. "आगगाडीचं त्वांड बघायचं न्हाई. वेळ आली की थेट नगर. तुझ्या शब्दावर घेतली, पीरभाई. दुसऱ्या कुनाच्या शब्दावर घेतली नसती."

पीरमहंमदाने हात पानावरून मागे घेतला. आता तो काय करील? गप्प बसला, तर ही पोर घाटाच्या पायथ्याशी अडकेल, आणि तिचा बाप अंधारात टाकीत काडी बुडवून पेट्रोल किती उरले ते पाहत राहील. बोलला, तर दाऊदच्या नावाला आजच, ह्याच ओट्यावर काळिमा लागेल. ह्या दोहोंत त्याने फार वेळ घेतला, हे सांगायला वाईट वाटते; पण ते खरे आहे. गोजरबाई पोळीवर आणखी तूप घालायला वाकली, तेव्हा त्याने तिच्या हातातली तुपाची वाटी हाताने अडवली.

"वहिनी, वाढू नगा. पाटील, म्या खोड लपवली."

आणि मग त्याने सर्व सांगितले. ही मोटार कशी पिते, कुपन कसे पुरत नाही, घाट कसा दूरच राहील. बोलताना तो मान वर करू शकला नाही. समोरच्या पोळीवरचे तूप थिजत गेलेले तेवढे त्याला दिसत होते. घेतले ते सारे परत करतो, मोटार घेऊन जातो, असेही तो म्हणाला. सहादेव उठला, तुरीची एक काडी घेऊन त्याने मोटारीच्या टाकीत घातली. काडी निघाली ती कोरडी, टोक तेवढे ओले. बेलापूर ते देवळाली एवढ्यातच टाकीचा तळ लागला होता. सहादेवाने ती काडी मोडली नाही, फेकली नाही. ओट्यावर पीरमहंमदाच्या पानाशेजारी ठेवली.

पाटील शिव्या देईल तर बरे, असे पीरमहंमदाला वाटत होते. पाटलाने एकही दिली नाही. बोलली ती गोजरबाई.

"मग बैल जुंपा तिला," ती म्हणाली. "ते किती खात्यात ते तरी आमाला ठावं हाय."

हा टोमणा होता. परंतु तो ऐकून सहादेव मोटारीपाशी गेला आणि मागच्या पायरीवर पाय ठेवून त्याने आपला सगळा भार खाली-वर दिला. मोटार पाळण्यासारखी झुलली. तो पुन्हा झुलवून पाहू लागला. विजयमालाही पाहत होती. शेवटी तो म्हणाला,

"गादी लई चांगली हाय. आता वेळेची वाट बघायची न्हाई. दिस भरायच्या आधीच पोरीला नगरला मावशीकडं न्यायची. बैल वढतील, पन चाक कोन वळवनार?"

सर्वांच्या नजरा पीरमहंमदाकडे वळल्या. चाक मी धरतो, असे तो म्हणाला; पैशाचे नंतर बघू, एवढे सांगून पाटलाने लोहाराला बोलावणे धाडले.

गावचा लोहार बन्सी आला. बैलांना भार हलका व्हावा म्हणून पीरमहंमदाने स्वतःच्या हातांनी इंजिन उतरवले. ज्या घावाला तो घाबरत होता, तो त्याने स्वतःच घातला, आणि तोही पाटलाच्या अंगणात, भर उन्हात, अर्धे गाव पाहत असताना. बन्सीने पुढे दांडी ठोकून जू बसवले. आणि ठरल्या सकाळी सहादेव बैलांच्या कासऱ्याशी, मागच्या गादीवर विजयमाला व तिची आई, आणि पुढे चाकाला धरून पीरमहंमद, अशी ती मोटार नगरच्या वाटेला लागली.

राहुरीला बाजार होता. टाळता आला नसता, कारण रस्ता बाजारातूनच जातो. लोक हसले. हसण्यासारखेच ते दृश्य होते.

"पीरभाई, ह्यास्नी कुपन मिळतं का रं?" एकाने विचारले.

"डाव्या बैलाला हांडल मार," दुसरा म्हणाला.

पीरमहंमद उत्तर देई. कोणी त्याला तसे करण्यास सांगितले नव्हते, पण तो प्रत्येक विचारणाऱ्याला एकच सांगे, "मोटार लई पिते, अन् ते मी विकताना सांगितलं न्हाई." पहिल्यांदा हे वाक्य जिभेवर अडकले. पुढे अडकेनासे झाले, तरी हलके मात्र झाले नाही. सहादेव पुढे चालत होता. तो मध्ये एक शब्द बोलला असता तर पीरमहंमदाचा भार उतरला असता. तो बोलला नाही, आणि बोलू नये हेच योग्य होते.

बैलबाजाराच्या कडेला चांदभाई नावाचा म्हातारा दलाल बसला होता. दाऊदच्या बरोबरीचा, आता दृष्टी मंद झालेला. चाकांचा आवाज वेगळा लागला म्हणून तो उठून जवळ आला.

"दाऊदचा पोर न्हवं तू? हे काय सोंग काडलंस?"

पीरमहंमदाने त्यालाही तेच वाक्य सांगितले. इतरांपुढे ते सांगताना त्याचे तोंड रस्त्याकडे असे. येथे त्याला म्हाताऱ्याकडे पाहावे लागले. चांदभाई हसला नाही. त्याने खांद्यावरचे उपरणे उतरवले, नीट घडी घालून काखेत घट्ट दाबले, आणि परत जाऊन आपल्या जागी बसला.

बाजार मागे पडला. दुतर्फा उसाचे फड लागले, आणि कालव्याच्या पुलावर बैलांनी चाल धरली. पीरमहंमद चाक धरून होता. त्याच्या कानांच्या पाळ्या अजून तापलेल्या होत्या. काही वेळाने मागून विजयमालेचा झोपेने जड झालेला आवाज आला.

"चाचा, नगर आलं का?"

ती राहुरीच्या सगळ्या गलक्यात निजली होती, हे त्याला तेव्हा कळले. तिला रस्त्याचा एकही खड्डा लागला नव्हता. तो मागे वळला नाही. तिच्याकडे पाहण्याजोगे तोंड अजून आपल्याला नाही, असे त्याला वाटत होते.

"न्हाई अजून, बाई. घाट ऱ्हायलाय," तो म्हणाला. "निजा तुमी."